घाटात वाजणारं इंजिन आणि उस्ताद

काष्टीच्या बाजारतळामागं गॅरेज असलेले उस्ताद गाडीचं बॉनेट सहजासहजी उघडत नसत. गिऱ्हाईक घाईत असलं, की ते आणखीच सावकाश होत. आवाज कधी येतो, गाडीत किती माणसं असतात, रस्ता चढाचा की सपाट, असं विचारत राहायचे. सगळं ऐकून झाल्यावर बहुतेक वेळा म्हणायचे, "अजून कळलं न्हाई." या एका वाक्यापायी त्यांची कितीतरी गिऱ्हाइकं दुसऱ्या गॅरेजात गेली.

मीही त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी गेलो. माझी छोटी गाडी नगरच्या वाटेवर घाट चढताना वाजायची. पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तसा कोरडा आवाज. इंजिन नॉक करतंय एवढं सगळ्यांनाच कळत होतं, कशानं ते कळत नव्हतं. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं पेट्रोलला दोष दिला, तिसऱ्यानं इंजिनातला कार्बन साफ केला. तिघंही अगदी खात्रीनं बोलले होते. गाडी मोकळ्या रस्त्यावर गप्प राहायची आणि घाटात पुन्हा वाजायची.

एरवी मी तो आवाज सोसला असता. पण त्याच गाडीतून मी आबांना, माझ्या वडिलांना, आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिससाठी नेत होतो. एकदा आवाज इतका वाढला, की मी भिऊन अर्ध्या घाटातून परत फिरलो. डायलिसिस एका दिवसानं लांबलं आणि आबांना असा दम लागला, की आडवं होता येईना. पुढच्या खेपेला शेजाऱ्याची जीप मिळणार होती, ती ऐनवेळी लग्नाला गेली. मी उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, मी बरोबर येतो, आवाज जिथं येतो तिथंच ऐकू.

मार्चचं ऊन होतं. उस्ताद माझ्या शेजारी, आबा मागं उशीला टेकून. घाटाच्या पायथ्यालाच उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं आला. त्याच्यामागं रांगत आम्ही चढू लागलो आणि थोड्या वेळात फुटाणे वाजायला लागले. उस्तादांनी इंजिनाकडं लक्ष द्यायचं सोडून मान मागं वळवली. आबांनी तीस वर्षं एसटी चालवली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

"ड्रायव्हरसाहेब, तुमाला काय वाटतं?"

आबा धापा टाकत, तुटक तुटक बोलले. "पळती तवर गप असती. रांगाया लागली की वाजती. वारा लागंना तिला."

इतक्या महिन्यांत आबांना हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

उस्तादांनी गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं. आतली धग तोंडावर आली. इंजिन गार ठेवणारा पुढचा पंखा थांबलेला होता. त्यांनी काडीनं पातं ढकललं, पण मोटरच जळाली होती. माझ्या गाडीला उष्णता दाखवणारी सुई नाही, नुसता दिवा, आणि तो अजून लागला नव्हता. उस्ताद म्हणाले, इंजिन तापून पेट्रोल वेळेआधीच पेटतंय, म्हणून हा आवाज. रेडिएटरातलं पाणी पुरेसं होतं. थांबून थंड करायचं तर तासभर जाणार होता, आणि आबांचे ओठ निळसर दिसत होते.

मग त्यांनी उपाय सांगितला. काचा उघड्या टाकून आतला हीटर पूर्ण लावायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता गाडीत ओढली जाईल. आबांना ते सोसेल का, असं मी विचारलं.

"मला काय इचारता? त्यांना इचारा."

आबांनी मान हलवली. "लाव हीटर."

तो उरलेला घाट मी विसरणार नाही. पायावर भट्टीसारखा वारा येत होता, मागून आबांचा श्वास ऐकू येत होता. उस्तादांनी खांद्यावरचं फडकं भिजवून आबांच्या डोक्यावर ठेवलं आणि मला दुसऱ्या गिअरात, ॲक्सिलरेटर फार न दाबता चालवायला सांगितलं. आवाज कमी झाला, पुन्हा आला, मग विरळ होत गेला. माथा ओलांडून वारा लागला आणि इंजिन गप्प झालं. दवाखान्यात आबांना आत नेईपर्यंत उस्तादांनी त्यांचा हात सोडला नाही.

पंख्याची मोटर बदलली आणि तो आवाज परत आला नाही. उस्ताद मात्र अधूनमधून आमच्याबरोबर नगरला येत राहिले. आबा त्यांच्याशी रस्त्यांबद्दल बोलत, आणि मीही आबांना विचारू लागलो, काय खाणार, आज जायचंय का, काय दुखतंय.

पुढं गुडघे धरले म्हणून उस्तादांनी गॅरेज बंद केलं आणि ते सोलापूरला मुलीकडं गेले. जाताना आबांजवळ बराच वेळ बसले होते. आबा गेले तेव्हा मी सगळ्यात आधी त्यांना फोन केला. त्यांनी विचारलं, शेवटी काय बोलले. मी सांगितलं, सकाळी मला म्हणाले होते, तू जेवलास का.

"मग जेवला का तुमी?"

मी नाही म्हणालो.

"आधी दोन घास खा," उस्ताद म्हणाले. "मी निघतोय."