पूजेतून उचललेलं पुस्तक

व्यंकटराव मुख्याध्यापकांवर धुरपताबाईंचा राग होता, आणि तो कमी व्हावा असं त्या माणसानं बारा वर्षांत एकदाही काही केलं नाही. ताडकळसच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेत धुरपताबाई प्रयोगशाळा परिचर होत्या. म्हणजे काचेच्या नळ्या धुवायच्या, बरण्या पुसायच्या आणि सरांचा चहा आणायचा. जुन्या मॅट्रिकला त्यांना गणितात पंच्याऐंशी गुण होते. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि चहा सांगताना कुणालाच आठवत नव्हतं.

पंच्याऐंशी साली सरकारी योजनेतून शाळेला दोन कॉम्प्युटर आले. व्यंकटरावांनी त्यांना वेगळी खोली दिली, दाराशी 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लावली आणि सोबत आलेलं जाडजूड माहितीपुस्तक कपाटात घालून किल्ली करदोड्याला अडकवली. बन्सीधर सर औरंगाबादहून तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आले. आले ते दोन ओळींचा एक प्रोग्राम पाठ करून. तो चालवला की पडद्यावर 'वेलकम, वेलकम' असं वरपासून खालपर्यंत धावत सुटायचं. पंधरा ऑगस्टला तोच, सव्वीस जानेवारीला तोच. बाकी वर्षभर सर पोरांना 'संगणकाचे पाच उपयोग' उतरवून द्यायचे.

शाळा भरायच्या आधी झाडपूस करायला म्हणून त्या खोलीची किल्ली बाईंकडे असायची. तेवढा अर्धा तास त्यांचा. त्या काहीबाही कळा दाबायच्या आणि यंत्र दर वेळी एकच शब्द दाखवायचं: मिस्टेक. बाईंचं डोकं फिरायचं. चूक हाय तर हाय, पण काय चुकलं ते तर सांग की! यंत्राला सांगता येत नव्हतं, आणि ज्या पुस्तकाला सांगता आलं असतं ते कुलपात होतं.

मग बाई दुसरीकडे शोधायला लागल्या. परभणीत एका क्लासवाल्याकडे सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स मिळाल्या. कुठं अवतरणचिन्हं गायब, कुठं ओळीच्या ओळी. बाईंनी जाब विचारला तर तो म्हणाला, "मावशी, सगळं नोट्समधीच दिलं तर क्लासला कोण येईल?" निर्लज्ज मेला. पुन्हा एकदा भांडायला निघाल्या, तर नामांतराचा बंद होता आणि एसटी अर्ध्या वाटेतून परत फिरली. मग भावाचा मुलगा भुजंग, जो औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकत होता, त्यानं एक जाड पुस्तक पाठवलं. पंधरा दिवस बाईंनी त्यातली ओळ न् ओळ टिपून यंत्रात घातली. ओळ न् ओळ मिस्टेक! महिन्यानं भुजंगचं कार्ड आलं: आत्या, तुमच्या यंत्राला बेसिक ही भाषा कळते, हे पुस्तक कोबोल या दुसऱ्याच भाषेचं आहे. आधी सांगायला त्याची जीभ झडली होती का, कोण जाणे.

शेवटी बाईंनी मान खाली घालून व्यंकटरावांनाच विचारलं.

"पुस्तक बन्सीधर सरांच्या अभ्यासात हाय," व्यंकटराव म्हणाले. "अन् बाई, तुमी नळ्या धुवा."

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात योजनेचं पत्र आलं. दिवाळीनंतर साहेब तपासणीला येतील. शाळेतल्या एकालाही स्वतः प्रोग्राम लिहिता आला नाही, तर दोन्ही यंत्रं दुसऱ्या शाळेला दिली जातील. व्यंकटरावांना त्याचं काही वाटलं नाही. "जाऊ द्या, एक झंझट कमी," एवढंच ते म्हणाले. बाईंना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. यंत्र गेलं की अर्धा तास गेला, आणि मग उरल्या फक्त नळ्या.

खंडेनवमीला शाळेत पूजा मांडली. तराजू, सूक्ष्मदर्शक, बन्सीधर सरांची छडीसुद्धा. आणि पाटावर मधोमध ते पुस्तक, वर झेंडूचं फूल. वर्षातून एकदा ते कपाटाबाहेर यायचं आणि नेमकं त्याच दिवशी उघडायचं नसायचं, कारण पूजेला लावलेलं पुस्तक त्या दिवशी वाचत नाहीत. तीर्थ घ्यायला वाकलेल्या बाईंनी पहिल्यांदाच ते जवळून पाहिलं. त्यावर कारखान्याचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. तीन वर्षं बन्सीधर सरांच्या 'अभ्यासात' असलेलं पुस्तक कुणी फोडलंसुद्धा नव्हतं.

बाईंनी फूल बाजूला ठेवलं, पुस्तक उचललं आणि सगळ्यांदेखत प्लास्टिक टराटरा फाडलं.

"बाई! पूजेतलं हाय ते!" व्यंकटराव ओरडले. "आज वाचत न्हाईत!"

"आज न्हाई वाचत, उद्या वाचते. आमच्या घरी आज कोयत्याची पूजा हाय. परवा त्याच कोयत्यानं ऊस तोडायला जायलेत. पुजला म्हणून कोयता कपाटात घालत न्हाईत, सर."

पुस्तक पदराखाली घेऊन त्या घरी गेल्या. दसऱ्याला घरी खुलासा मागणारा मेमो आला. नवरा, सासू, दीर सगळे कारखान्यावर ऊसतोडीला गेले आणि दिवाळीच्या सुट्टीचे एकवीस दिवस बाईंनी डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचलं. पहिल्याच धड्यात लिहिलं होतं, मुद्दाम चुकीचं टाइप करा आणि यंत्र काय म्हणतं ते बघा. बाईंना रडू फुटलं. तीन वर्षं जो शब्द त्यांनी शिवीसारखा झेलला, त्यापासूनच शिकवायला सुरुवात करणारा कुणी भेटला होता. शाळा उघडली तेव्हा त्यांनी मेमोखाली उत्तर लिहिलं: पुस्तक वाचले. आणि सकाळचा अर्धा तास पुन्हा चालू केला.

साहेब आले. त्यांनी बन्सीधर सरांना सातचा पाढा काढून दाखवायला सांगितला. सरांनी कळा दाबल्या. वेलकम, वेलकम, वेलकम.

"अहो, पाढा?"

"आधी स्वागत, साहेब," सर म्हणाले आणि घाम पुसायला लागले. साहेबांनी शेऱ्याची वही उघडली.

बाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "साहेब, पाढा मी काढते. पण आधी वहीत लिवा. पुस्तक उघड्या टेबलावर राहील, शाळेतलं कुणीबी ते वाचंल."

"चहा ठेवा अन् जा तुमी," व्यंकटराव म्हणाले.

"आधी काढा तर, मग बघू," साहेब म्हणाले.

"मग न्हाई काढत. न्या यंत्रं."

साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि वही फिरवून बाईंना दाखवली. बाईंनी ट्रे जमिनीवर ठेवला, खुर्चीत बसल्या आणि तीन ओळींत सातचा पाढा काढला. मग कुणी न सांगता एकोणतीसचा.

यंत्रं राहिली. बाईंचं पद, पगार, नळ्या, काहीच बदललं नाही, पण पुस्तक टेबलावर आलं. ब्याण्णवला व्यंकटराव निवृत्त झाले तेव्हा चार्ज देताना त्यांनी ते हातात घेतलं. पुठ्ठा गेलेला, दाभणानं शिवलेलं, पानापानावर पोरांच्या पेन्सिलीच्या खुणा आणि तेलकट बोटं.

"बघा काय दशा केली," ते म्हणाले. "तीन वर्षं मी कसं कोरं ठिवलं होतं."

"व्हय सर," धुरपताबाई म्हणाल्या. "अन् पोरंबी."

व्यंकटरावांनी चार्जच्या यादीत पुस्तकापुढं 'खराब' असं लिहिलं आणि खाली सही केली.