संत्र्याच्या डिंकाचं विमान

रबराच्या पिळावर उडणारं छोटं विमान बनवायला घेणाऱ्यांना मी आधी खर्चाचं सांगते. बाल्सा नावाचं हलकं लाकूड आमच्याकडे नागपूरहून आणावं लागायचं, आणि रात्ररात्र जपून कापलेला पंख एका धडकेत जायचा.

दादा सौंसरला शाळेत शिकवायचा. पंखांना तो पतंगाचा कागद लावी, आणि विकतच्या सरसाऐवजी बोरगावला मामांच्या बागेतला डिंक वापरी. संत्र्याच्या झाडाला रोग लागला की खोडातून डिंक पाझरतो. दादा तो चाकूनं खरवडून आणायचा.

"मास्तर, माह्या झाडाले रोग लागला, अन् तुम्ही खूश होऊन राहिले!" मामा म्हणत.

"आणखी एखाद्याला लागला का, मामा?" दादा विचारायचा.

वारा पडलेला असतो म्हणून आम्ही भल्या सकाळी मामांच्या बागेशेजारच्या पडीक रानात जायचो. पहिल्या खेपेला विमान सुरेख उडे. दुसऱ्या खेपेला हवेतच पंख निखळे. दादानं पंखाचा कोन बदलला, रबर बदललं. एक विमान दोनदा उडालेलं बघायचं, एवढंच त्याला हवं होतं. ते न बघताच एका पावसाळ्यात तो तापानं गेला. शेवटचं विमान, एकदाही न उडवलेलं, त्याच्या खोलीत टांगलेलं राहिलं.

हिवाळ्यात मी ते त्या पडीक रानात नेलं.

"नको उडवू, पोरी," मामा म्हणाले. "त्याच्या हातचं तेवढंच राहिलं."

भीती मलाही होती. पण पंख का निखळतो, हे कळल्याशिवाय राहवेना. मी विमान सोडलं. ते एक वळण घेऊन ओल्या गवतात उतरलं. उचलताना पंखाच्या जोडाला बोट लागलं आणि चिकटलं. दवानं डिंक विरघळत होता.

"मामा, हात लावून बघा."

त्यांनी बोटं चोळून पाहिली. "रोज पाहून राहिलो, पण मले बी नाही सुचलं."

मला इतका आनंद झाला की मी दादाला सांगायला मागे वळले. मागे रिकामं रान होतं.

विमान विहिरीच्या काठावर उन्हात ठेवलं. जोड कडक वाळला, तोवर वारा उठला होता. घरी नेता आलं असतं. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी शेपूट धरलं आणि मी रबर पिळलं.

पंख टिकला. विमान चढत गेलं, रबराचा पीळ संपल्यावरही चढत राहिलं, आणि संत्र्यांच्या ओळींपलीकडे दिसेनासं झालं. संध्याकाळपर्यंत शोधलं, सापडलं नाही.

म्हणून नवख्यांना मी हेही सांगते: जोड ओला होऊ देऊ नका, आणि चांगलं उडालेलं विमानही परत येईलच असं धरू नका.

त्या वर्षी तोडणीला मामा प्रत्येक झाडाखाली थांबून आधी शेंडा बघत होते.