आवळ आन् गप बस

खोटं कशाला बोलू, सख्ख्या धाकट्या भावावर मी जळायचो. पाना धरायला त्याला मीच शिकवलं. मी राहिलो साखर कारखान्यात फिटर, आन् तो गेला आखातात, गॅस थंड करून जहाजानं परदेशी धाडणाऱ्या प्लँटात. सुट्टीवर गावाकडं, माकणीला आला की पारावर त्याच्याभोवती गराडा. त्याच्या बुटांचंसुद्धा कौतुक! मी शेजारीच बसलेला, पण मला कुणी चहाचं विचारायचं न्हाई. आई तर ताट आधी त्यालाच वाढायची.

दोन-तीन वर्षांमागं त्याचा सूर बदलला. फोनवर म्हणायचा, "दादा, युरोपातली गिऱ्हाइकं गॅस कमी घेऊ लागलीत. जो घेतेत त्याला बी नियम. हवेत किती गळाला ते लिहून द्या म्हणतेत, न्हाईतर आमी दुसरीकडं बघतो." नवं काम थांबलं होतं, माणसं कमी होणार होती. मी "अरेरे" म्हणायचो. आतून बरं वाटायचं.

एका सकाळी मी ड्युटीला निघालो, तर त्याचा फोन. "दादा, पायपाच्या एका जोडातनं गॅस गळतोय. साबणाचा फेस लावून बघितला, बुडबुडे येतेत. जोड मीच बसवलाय. गळतीच्या वहीत लिहू का? लिहिलं तर मलाच काढतील का काय?"

आमच्याकडं वाफ गळाली तर फिटर बोभाटा करत न्हाई. पाना मारायचा आन् मोकळं व्हायचं, सांगितलं की आपलीच अब्रू जाते. पण तिकडचा नियम त्यानंच मला चारदा समजावला होता. लिहायलाच पायजे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "आवळ आन् गप बस."

त्यानं ऐकलं. गिऱ्हाइकाच्या तपासणीवाल्यांनी ती गळती गॅस दिसणाऱ्या कॅमेऱ्यात आधीच टिपली होती, आन् वहीत नोंद न्हाई. महिन्याच्या आत भाऊ घरी.

पारावर लोकांनी विचारलं तर म्हणाला, "मागणी घटली, माणसं कमी केली." माझं नावसुद्धा काढलं न्हाई. घरी येताना माझ्याच्यानं राहवेना. म्हणालो, "माझं ऐकलंस म्हणून झालं बघ."

"जाऊ द्या दादा," तो म्हणाला, "तुम्ही माझ्या भल्यासाठीच सांगितलं."

मी ते जळूनच सांगितलं होतं, हे त्याला सांगितलंच न्हाई. एवढं साफ मन देवानं यालाच का दिलं, म्हणून त्या घडीला बी मी त्याच्यावर जळलोच.