खोट्या हॉस्पिटलातली रडूबाई

मोठ्या हॉस्पिटलाच्या मागे एक दुमजली इमारत होती. वॉचमन तिला ‘खोटं हॉस्पिटल’ म्हणायचा. आत खाटा होत्या, सलाईनचे स्टँड होते, श्वास घेणारे आणि खोकणारे रबरी पेशंट होते. शिकाऊ डॉक्टरांनी आणि नर्सनी काय चुका करायच्या त्या तिथे करून घ्यायच्या, म्हणजे खऱ्या माणसाच्या वाट्याला येत नाहीत.

रडूबाई तिथे आली ती रबरी पेशंटांचे गाऊन शिवायला. एक दिवस पेशंटच्या नातेवाइकाचं सोंग घेणारी बाई आली नाही, तेव्हा शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “मावशी, पाच मिनिटं खुर्चीत बसता का? डॉक्टर येऊन सांगेल, तुमचे मिस्टर वारले. तुम्ही फक्त ऐकायचं.”

एक शिकाऊ डॉक्टर आला आणि घाम पुसत म्हणाला, “मावशी, तुमचे मिस्टर गेले.”

ही भाबडेपणाने विचारून बसली, “गेले? कुठे गेले? चपला तर इथेच आहेत त्यांच्या!”

पोरगा जागच्या जागी थिजला. मॅडमनी मात्र टाळीच वाजवली. “ऐकलंत? ‘गेले’ म्हणालात तर माणूस दाराकडे बघत बसतो. ‘मृत्यू झाला’ असं स्वच्छ सांगायचं, आणि मग आपण गप्प राहायचं.”

त्या दिवसापासून सकाळी शिवण आणि दुपारी वैधव्य, असं बाईचं काम ठरून गेलं. ती हुकमी रडायची, म्हणून पोरांनी नाव पाडलं रडूबाई. रडून झालं की तोंड धुवायची, चहा घ्यायची आणि मनातल्या मनात म्हणायची, देवा, पोटासाठी बोलते, मनावर घेऊ नकोस.

मग तिच्या नवऱ्याची छाती दुखायला लागली. खरोखरीची. तपासण्या झाल्या आणि गुरुवारी सकाळी भरती होऊन त्याच दिवशी हृदयाचं ऑपरेशन, असं ठरलं.

तेव्हापासून बाईच्या पायाला भिंगरी लागली. गॅस बंद आहे ना म्हणून पुन्हा पुन्हा उठायची. घासलेलं पातेलं परत घासायची. देवाचं नाव घ्यायला बसली तरी अर्ध्यातून उठून खिडकीशी जायची. ऑपरेशनच्या दाराबाहेर कोण बसणार, हा विषय निघाला तेव्हा तिने सांगून टाकलं, “भाऊजींना बसवा. मी आपली घरीच बरी.”

नवरा जुना बस-ड्रायव्हर, बोलण्यात हार जाणारा नव्हता. “तिकडे रोज मला मारून येतेस, आणि जगवायचं म्हटलं की एक दिवस बसवत नाही होय?”

बोलताना हसला, पण नंतर भिंतीकडे तोंड करून झोपला. तिला ते लागलं. पण ती खुर्ची! त्या खुर्चीत बसलेल्या बाईला काय ऐकावं लागतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बुधवारी शिकाऊ डॉक्टरांची परीक्षा होती. पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर दगावला आहे, त्याच्या बायकोला सांगा, हा प्रश्न. रडूबाईने मॅडमना गाठलं.

“मॅडम, आज नवऱ्याऐवजी भाऊ मेला तर चालेल का?”

“अहो, तुमच्या भावाने काय घोडं मारलंय?” मॅडम हसल्या. “परीक्षा आहे मावशी. सगळ्यांना प्रश्न एकच हवा.”

खरं कारण तिने सांगितलं नाही. अभद्र तोंडातून काढलं की घडतं, अशी तिची समजूत.

पहिले दोघे कसेबसे पार पडले. तिसरा आला तो उंच, चष्मेवाला, शर्टाचं बटण भलत्याच काजात. समोर बसून म्हणाला, “मावशी, तुमच्या मिस्टरांचा...”

“नको!” ती उठलीच. “बोलू नका. तोंडातून काढूच नका ते!”

आणि ती दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालू लागली. हे नाटक की खरं, पोराला कळेना. घंटा वाजेपर्यंत तो तिच्याबरोबर नुसती मान फिरवत राहिला.

काचेपलीकडून बघत बसलेल्या मॅडम आत आल्या. “बातमी सांगितलीच नाहीस. नापास.”

“पण मॅडम, त्या खरंच घाबरल्या होत्या.”

“मग? घाबरलेल्या माणसालाच सांगायचं असतं.”

पोराचा चेहरा एवढासा झाला. तो बघून रडूबाईला राहवेना. “त्याची चूक नाही हो. आमच्या ह्यांचं उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे.”

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. “आधी का नाही बोललात? मी बसवलं असतं का तुम्हाला?”

“बोलायचं नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. उद्यासुद्धा दिरालाच पुढे केलंय.”

“तुम्ही घरी जा. याच्यासाठी मी दुसरं कुणीतरी बघते.”

तिने पिशवी उचलली. दारापर्यंत गेली, थांबली, परत फिरली. “नको. यालाच पाठवा आत. ऐकते मी.”

तो पुन्हा आला. खुर्ची जरा जवळ ओढून बसला. “मावशी, बातमी वाईट आहे. ऑपरेशन चालू असताना तुमच्या मिस्टरांचा मृत्यू झाला.” आणि गप्प राहिला.

तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. हुकमी रडू आलं नाही. बाहेरून कुणीतरी ट्रॉली खडखडवत नेली. आवाज लांब गेला तरी ती खुर्चीतच होती. मग तिने विचारलं, “डॉक्टर, छाती उघडतात तेव्हा माणसाला कळतं का?”

हे काही प्रश्नात नव्हतं. त्याने काचेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“नाही मावशी. पूर्ण भूल असते. आणि या ऑपरेशननंतर बहुतेक लोक चालत घरी जातात.”

“बहुतेक. सगळे नाही.”

“सगळे नाही,” तो म्हणाला.

ती घरी पोचली तेव्हा नवरा आरशासमोर दाढी करत होता.

“भाऊजींना फोन केलात?”

“केला की. सकाळीच येतोय.”

“येऊ देत. चहापाणी बघतील. दाराबाहेर मी बसणार.”

त्याने ब्रश खाली ठेवला. “तू? आठवडाभरात तुझं बूड एका जागी टेकलंय का?”

“नाही टेकणार. फेऱ्या मारीन,” पिशवीत त्याचा टॉवेल कोंबत ती म्हणाली, “पण दारासमोरच मारीन.”