शांततेच्या वेळेतली थाळी

फ्रँकफर्टला आमच्या खालच्या मजल्यावरचे काका दुपारी एक ते तीन या शांततेच्या वेळेत कुणाला खिळाही ठोकू देत नाहीत. "गेनाऊ, बरोब्बर एक वाजला!" म्हणून दार वाजवतात.

घटनात्मक न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी उभ्या असलेल्या वादग्रस्त उमेदवार बाईंवरून त्यांचं वरच्या जर्मन आजींशी बिनसलं; काका बाईंच्या बाजूने, आजी विरोधात. रोजची कॉफी बंद पडली. काल सव्वा वाजता संसदेने बाईंना निवडलं आणि काका जिन्यात थाळी बडवत नाचू लागले.

"अहो, अजून तीन वाजले नाहीत!" काकू ओरडल्या.

काका वरमले. त्यांनी स्वतःविरुद्ध तक्रार लिहिली आणि साक्षीदाराच्या सहीसाठी थेट आजींची बेल वाजवली. आजींनी हसू दाबत सही केली.

"निवड चुकीचीच आहे," त्या म्हणाल्या. "आत या, कॉफी ठेवते."