अरविंदच्या खिशातला चाकू

अरविंद गेल्याचं मला जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खोर फक्कानच्या बंदरात, ड्यूटीवर असतानाच हार्ट अटॅक. दोन मिनिटांत खाली दुसरा मेसेज आला : 'कोण, तो सुरीवाला?' त्याखाली जोडलेले हात... आणि चक्क एक हसरा चेहरा. सहा आठवडे झाले, माझा संताप उतरत नाही. हे नाव अरविंदला कशामुळे चिकटलं, ते त्या ग्रुपवर फक्त मला ठाऊक आहे.

अरविंद आमच्या दुबईतल्या कन्स्ट्रक्शन कंपनीत ड्राफ्ट्समन. शुक्रवारी बाकीचे मॉलमध्ये जायचे, हा देरा भागातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत. तेलविहिरींवरची नोकरी संपवून गेलेल्या अमेरिकनांनी मागे टाकलेल्या वस्तूंत त्याला घडीचे चाकू सापडायचे. बोटाएवढे, दोन-तीन पात्यांचे, हाडाच्या मुठीचे. मंगलवहिनी ओरडायच्या, "ते गुराचं हाड देवांच्या कपाटापासून लांब ठेवा!" "देवांना चालतं गं, तुलाच चालत नाही," हा म्हणायचा. पात्याच्या बुडाशी कारखान्याचा ठसा असतो. कारखाने तो दर काही वर्षांनी बदलत, म्हणून ठसा वाचता आला की चाकूचं वय कळतं. भिंग लावून, इंटरनेटवर शोधून त्याने हे सगळं स्वतःच शिकून घेतलं होतं. तिकडचे कितीतरी कारागीर मूळचे इंग्लंडमधल्या शेफील्डचे, पोटासाठी अमेरिकेला गेलेले, हेही त्यानेच मला सांगितलं. "आपल्यासारखेच, साहेब. गाव सोडून दुसऱ्याच्या नावाचा ठसा मारत बसले."

मग २००८ची मंदी आली. क्रेन जागच्या जागी थांबल्या. काही महिन्यांत वरून हुकूम आला, ड्रॉइंग सेक्शन अर्धा करा. मी ॲडमिन मॅनेजर, यादी माझ्याकडे. त्याच आठवड्यात अरविंद लिफ्टपाशी भेटला. "साहेब, एका चाकूचा ठसा लागला! शंभर वर्षांचा आहे, कारखाना कधीच बंद पडलाय." मी म्हणालो, "उद्या घेऊन ये की. बघू दे मलापण."

त्याने आणला, रुमालात गुंडाळून. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर त्याने पातं उघडलं आणि नेमके जनरल मॅनेजर आत आले. "ये क्या है? ऑफिस में नाइफ?" अरविंदने माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे. जनरल मॅनेजर भडकलेसुद्धा नाहीत, उलट त्यांचा चेहरा खुलला. नोटिशीशिवाय एक नाव कमी होत होतं! दुपारी त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं : 'धारदार शस्त्र घेऊन केबिनमध्ये शिरला.' बोटाएवढं पातं, आणि म्हणे शस्त्र! मला काहीच कल्पना नव्हती, असंही खाली लिहिलं आणि सही केली. दोन दिवसांत सगळीकडे झालं : अरविंद सुरी घेऊन मॅनेजरवर धावून गेला.

व्हिसा रद्द झाला, तो पुण्याला परतला. वर्षभराने पुन्हा आला तो खोर फक्कानला, स्टोअरकीपर म्हणून. त्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीला आला तेव्हा फळं कापणाऱ्यांतला एक जण ओरडला, "सुऱ्या लपवा रे, अरविंद आला!" सगळे हसले. मीही हसलो. त्याने नमस्कार केला, प्रसाद घेतला, आणि पुन्हा कधी आला नाही. पुढे एकदा फोनवर मी विचारलं, "तू खरं का नाही सांगितलंस कुणाला?" तो म्हणाला, "ऐकलं कुणी असतं, साहेब? कागदावर सही तुमची होती..."

गेल्या शनिवारी हा लेख लिहून मी मंगलवहिनींकडे गेलो. त्यांनी तो उभ्यानेच वाचला. चाकू कुणी मागवला, त्या जागी मी 'एका सहकाऱ्याने' असं लिहिलं होतं.

"या सहकाऱ्याला नाव नाही का, ओगलेसाहेब? माझ्या नवऱ्याला तर तुम्ही लोकांनी एक जास्तीचं दिलंत."

वहिनी अरविंदच्या टेबलापाशी गेल्या आणि मगातली एक पेन्सिल उचलली. शार्पनर त्याने कधी वापरला नाही. चाकूने तासलेलं लांब, निमुळतं टोक, त्यावर पात्याचे स्वच्छ काप. त्याच पेन्सिलीने त्यांनी ते दोन शब्द खोडले आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी लिहिलं : चाकू मी मागवला होता. मी, भालचंद्र ओगले.

वहिनींनी वाचलं. मान हलवली नाही, बसा म्हणाल्या नाहीत. फक्त हात पुढे केला.

"ती पेन्सिल आणा इकडं. त्यांनी तासलेल्या चारच उरल्यात."