गुडघे दुखणाऱ्या मुली

माझी मुलगी नवव्या वर्षी वारली. आज डॉक्टर ज्याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात, त्या सांध्यांच्या तापानं तिच्या हृदयाच्या झडपा निकामी केल्या होत्या. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी अमरावतीच्या एका मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. यजमान वकिली करत. घरात शिकलेली माणसं असूनही आम्ही चुकलो, ही बोच मला फार काळ होती.

सुरुवात घसा दुखण्यानं झाली. मिठाच्या गुळण्या दिल्या, चार दिवसांत बरं वाटलं. दोनतीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा, मग कोपर. निर्गुडीच्या पाल्यानं शेकत होतो. "वाढीचं दुखणं आहे," असं जो तो म्हणे. एका सकाळी ती शाळेला निघेना, तेव्हा मी तिच्यावर ओरडले, "रोज नवा बहाणा!" ती एवढंच म्हणाली, "आई, मी खोटं नाही बोलत गं."

पुढच्या वर्षी ती जिना चढताना मधेच बसू लागली. माझं माहेर अकोल्याचं. तिथल्या एका वयस्क डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं आणि मला बाहेर बोलावलं. "सांधे बरे होतात बाई, पण हा ताप हृदयाला धरतो. तेव्हाच पेनिसिलीन सुरू झालं असतं तर..." त्या दिवाळीपर्यंतही ती राहिली नाही.

चार महिने मी शाळेत गेले नाही. गेले तेही यजमानांनी हट्टानं पाठवलं म्हणून. तिसरीचा वर्ग मिळाला. पहिल्याच आठवड्यात कवायतीच्या बाईंनी एका मुलीला कान धरून माझ्याकडे आणलं. "ही नुसती चुकारपणा करते. काल गुडघा, आज घोटा!"

मी हातातला खडू ठेवला. मी तिचा पायमोजा उतरवला. घोटा लाल, गरम, टम्म फुगलेला.

शाळा सुटल्यावर तिला सायकलरिक्षात घालून तिच्या घरी गेले. तिवशाकडे शेती असलेलं कुटुंब, मुलींच्या शिक्षणासाठी शहरात एका वाड्यात खोली घेऊन राहिलेलं. वडील अंगणात होते. मी सगळं सांगितलं.

"डॉक्टर कायले पाह्यजे बाई? वाढीचं दुखणं व्हय ते. आपोआप जाते."

"घसा दुखला होता का हिचा, दोनतीन आठवड्यांआधी?"

आई दारातून म्हणाली, "हो जी. ताप बी होता. तुमाले कसं समजलं?"

मी माझ्या मुलीचं सांगितलं. त्या दिवसापर्यंत मी ते कोणाजवळ उच्चारलं नव्हतं. सांगताना रडले नाही, याचं मलाच नवल वाटलं. वडील उठले. मग आत वळून म्हणाले, "पोरीले चप्पल घाल. निंगतो आमी."

शहरातल्या एका डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं आणि तिला अंथरुणावर पडून राहायला लावलं. पुढं दर महिन्याला पेनिसिलीनचं इंजेक्शन. बापाला वाटलं, पोरगी बरी झाली, आता सुई कशाला. मी महिन्याच्या महिन्याला त्यांच्या दारात उभी राहायची. मला पाहिलं की ती मुलगी माडीवर पळायची. तिचं ते धाडधाड जिना चढणं मी खाली उभी राहून ऐकायची.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवात या तापाबद्दल बोलायला लागले. पहिल्यांदा चार वाक्यं बोलून खाली बसले. वाटलं, सणाच्या दिवशी अपशकुन केला. वाण घ्यायला उठलेली एक बाई माझ्याजवळ आली. "बाई, माह्या पोरीचे बी गुडघे सुजून राहिले. कोनाले दाखवू?"

तेवढ्यानं मला बळ आलं. अकोल्याचे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी आमच्या शाळेत येऊन मुलींची छाती तपासू लागले. कवायतीच्या बाईच त्यांच्यापुढे रांग लावत. चांदूर बाजारच्या शाळेनं बोलावलं, मग आणखी कुणीकुणी. मी एवढंच सांगायची: घसा दुखून ताप आला आणि मागून सांधे सुजले, तर मुलीवर रागावू नका, डॉक्टरकडे न्या.

एकदा धामणगावचे एक अनोळखी मास्तर सकाळच्या गाडीनं एका विद्यार्थिनीला घेऊन आले. सोबत तिची घाबरलेली आजी. डॉक्टर त्या दिवशी शाळेतच होते. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, छाती ऐकली, पुन्हा ऐकली. मग तिच्याकडे वळले.

"काय खेळलीस गं काल?"

"लंगडी," ती म्हणाली, "अन् पडली बी."

डॉक्टर हसले. "हृदय ठणठणीत आहे. गुडघ्याला हळद लावा."

मास्तर ओशाळून म्हणाले, "उगाच त्रास दिला तुम्हाला."

"असाच त्रास देत जा," मी म्हणाले, आणि त्या आजीला चहा करायला उठले.